पुणे की वाळूज? कामासाठी घर हलवण्याआधी हा हिशोब एकदा मांडा

जालना : सोयाबीन निघालं, कापसाची दुसरी वेचणी झाली की आपल्या गावागावांत एकच विषय निघतो. "पुण्याला जायचं का?" कुणाचा मेहुणा चाकणला असतो, कुणाचा वर्गमित्र रांजणगावला. फोन येतो, "ये इकडं, बावीस हजार देतात." दुसरीकडून कुणीतरी सांगतं, "एवढ्या लांब कशाला? वाळूजला, शेंद्र्याला काम आहे की. पगार थोडा कमी, पण घर जवळ."

मग घरात चर्चा सुरू होते. आईला वाटतं पोरगं जवळ राहावं. बापाला वाटतं चार पैसे जास्त मिळावेत. बायकोला लेकरांच्या शाळेची काळजी. अन् शेवटी निर्णय होतो तो एकाच आकड्यावर: पगार किती?

चूक तिथंच होते. पगाराचा आकडा आणि महिन्याच्या शेवटी हातात उरणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि उत्तर प्रत्येकाचं सारखं नसतं. एकट्यानं जाणाऱ्याचं उत्तर वेगळं, बायको-लेकरं घेऊन जाणाऱ्याचं वेगळं. ते कसं, हे एका उदाहरणावरून पाहू.

आधी जाहिरातीतला पगार सोलून बघा

समजा, परतूर तालुक्यातलं एक घर आहे. आई-वडील, नवरा-बायको, दोन लेकरं. तीन एकर कोरडवाहू. पोराचं आयटीआय झालंय. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे: पुण्याकडे २२,००० रुपये, वाळूजला १८,००० रुपये. वरवर पाहता फरक ४,००० चा.

आता कपात बघू. दोन्हीकडे मूळ पगार (बेसिक अधिक महागाई भत्ता) १५,००० धरू.

वाळूजचे १८,००० :
पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये. व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००). हातात आले १५,८६५.

पुण्याचे २२,००० :
पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात आले २०,०००.

पुण्याच्या हिशोबात ईएसआयसी कुठं गेली? ईएसआयसीची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्याच्यावर पगार गेला की नवीन माणूस त्यात येत नाही. १३५ रुपये वाचले असं वाटतं, पण ईएसआयसीत कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला दवाखाना, औषधं मिळतात. आजारपणात रजा पडली तर ठरावीक दिवस भरले असतील तर पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत ९० टक्के. २१,००० च्या वर पगार असेल तर ही सोय नाही. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण लेकराचा ताप, आईची शुगर, रक्त-लघवीच्या तपासण्या या खिशातूनच जातात.

आणखी एक. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. महिना १८,००० म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. महिना २२,००० म्हणजे २ लाख ६४ हजार. हेही घरात बसून बघून घ्या.

ओव्हरटाइम आम्ही यात धरलेला नाही. ओटी म्हणजे पाऊस. आला तर आला. त्याच्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका.

एकटा जाणार असाल तर

खाली दिलेले खर्चाचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या मित्राला, पाव्हण्याला विचारून टाका. रीत मात्र हीच ठेवा.

पुण्यात एकटा : तिघा-चौघांत खोली, वाटणीला २,५००. मेस ३,५००. येणं-जाणं आणि मोबाइल १,५००. महिन्यातून एकदा गावी १,५००. एकूण ९,०००. उरले ११,०००.

वाळूजला एकटा : खोलीची वाटणी १,५००. मेस ३,०००. येणं-जाणं आणि मोबाइल १,०००. महिन्यातून तीन-चारदा गावी ९००. एकूण ६,४००. उरले ९,४६५.

म्हणजे एकट्या माणसाला पुण्यात दीड हजार जास्त उरतात. फरक चार हजारांचा नाही, दीड हजाराचाच, पण आहे. शिवाय तिथं कंपन्या जास्त. एक काम सुटलं तर दुसरं लवकर मिळतं. आयटीआय करून नुकताच बाहेर पडलेला, लग्न न झालेला पोरगा असेल तर दोन-तीन वर्षं पुण्यात काढणं चुकीचं नाही. सीएनसी, व्हीएमसी मशीनवर हात बसला, अॅप्रेंटिसशिप पूर्ण करून प्रमाणपत्र घेतलं, की तो अनुभव घेऊन वाळूज-शेंद्र्याला परत येता येतं. तेव्हा हेल्पर म्हणून नाही, ऑपरेटर म्हणून.

बायको-लेकरं घेऊन जाणार असाल तर

इथं चित्र उलटं होतं.

पुण्यात चौघांचं घर : भाडं ८,०००. किराणा, गॅस, दूध ६,५००. शाळा आणि रिक्षा २,५००. लाइट, पाणी, मोबाइल १,५००. कामावर येणं-जाणं १,५००. गावी जाणं-येणं २,०००. एकूण २२,०००. हातात २०,०००. म्हणजे दर महिन्याला २,००० उसने.

वाळूजला चौघांचं घर : भाडं ४,५००. किराणा, गॅस, दूध ५,५००. शाळा १,२००. लाइट, पाणी, मोबाइल १,२००. येणं-जाणं ८००. गावी ६००. एकूण १३,८००. हातात १५,८६५. उरले २,०६५.

किराण्यात फरक का? कारण वाळूजला घरची ज्वारी, डाळ, कधी आईनं दिलेलं तूप पोत्या-पिशवीतून येतं. पुण्याला दर महिन्याला ते नेणं होत नाही.

पण वाळूजचे २,०६५ बघून लगेच सामान बांधू नका. गावात म्हातारे आई-वडील आहेत. त्यांच्या औषधाला दीड हजार पाठवले की उरतात ५६५ रुपये. एक लग्नकार्य, एक आजारपण, की संपलं.

म्हणून खरं सांगायचं तर एका साध्या कंत्राटी पगारावर चौघांचं घर शहरात हलवणं पुण्यातही परवडत नाही आणि वाळूजलाही जेमतेमच. ते परवडतं दोन परिस्थितींत. एक, पगार वाढून काम पक्कं झालं. दोन, घरात दुसरी कमाई सुरू झाली.

दुसऱ्या कमाईचाही हिशोब नीट करा. समजा, बायकोला पॅकिंगचं किंवा शिलाईचं काम मिळालं आणि हातात ८,००० आले. पण ती गावात रिकामी बसलेली नव्हती. निंदणी, कापूस वेचणी, घरची म्हैस असं सगळं धरून वर्षाची सरासरी महिन्याला ३,००० येत असतील, तर खरी वाढ ५,००० चीच. आणि दोघं कामावर गेल्यावर लेकरांकडे बघायला कोण? इथं जवळच्या शहराचा फायदा दिसतो. आजी आठ दिवस येऊन राहू शकते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, महिलांना अर्धं तिकीट. पुण्याला म्हातारं माणूस रात्रभर प्रवास करून किती वेळा येणार?

अंतराचीही किंमत असते

परतूरहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पुणे तीनशेच्या पुढं. कागदावर हा फक्त आकडा. पण जूनमध्ये पाऊस पडला आणि वापसा झाला की पेरणीला दोन-तीन दिवस मिळतात. वाळूजचा माणूस सुट्टीला जोडून एक रजा टाकतो आणि पेरून जातो. पुण्याचा माणूस फोनवर विचारत बसतो, "पेरलं का?" बापाला छातीत दुखलं तर वाळूजहून माणूस दोन-अडीच तासांत पोहोचतो.

जवळच्या शहरातही दिशा बघून काम निवडा. शेंद्रा आणि चिकलठाणा हे शहराच्या आपल्या बाजूला, जालना रोडवर आहेत. बदनापूर, जालना तालुक्यातल्या माणसाला शेंद्र्याला रोज येऊन-जाऊन करता येतं. मग भाडंच नाही. वाळूज मात्र शहर ओलांडून पलीकडं, पुण्याच्या रस्त्यावर आहे. तिथं रोज अप-डाऊन करून शिफ्ट धरणं जड जातं. परतूर, जालना, बदनापूर ही स्टेशनं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रेल्वेचा महिन्याचा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. पण गाडीची वेळ आणि शिफ्टची वेळ जुळते का, ते आधी बघा. रात्रपाळीला गाडी मिळाली नाही तर पास खिशातच राहतो.

जालना शहरालाही विसरू नका. स्टील कारखाने, बियाणे कंपन्या, गोदामं इथं काम आहे. भट्टीजवळचं काम कडक असतं हे खरं. बूट, हेल्मेट, ईएसआयसी मिळतं का ते विचारूनच उभं राहा. पण घरी झोपायला मिळत असेल तर १४,००० सुद्धा पुण्याच्या २२,००० ला भारी पडू शकतात.

"शेंद्रा-बिडकीनला मोठ्या कंपन्या येणार" हे दोन वर्षांपासून आपण ऐकतोय. टोयोटा किर्लोस्कर, एथर यांनी प्रकल्प जाहीर केले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण जाहीर झालेला कारखाना आणि गेटवर लागलेली भरती यांत बराच काळ जातो. घर हलवायचं ते आज असलेल्या कामावर, उद्या येणाऱ्या कंपनीवर नाही.

हो म्हणण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. पगार कंपनी देणार की ठेकेदार? नेमणुकीचं पत्र मिळणार का? पत्रावर ज्याचं नाव, तोच तुमचा मालक.

२. किती महिन्यांचं काम? अनेक ठिकाणी सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देतात. ब्रेकच्या महिन्यात भाडं मात्र चालूच राहतं. वर्षाचा हिशोब बारा महिन्यांच्या पगारावर नाही, दहावर करा.

३. सांगितलेला आकडा कपातीआधीचा की हातातला? त्यात ओटी धरलाय का? ओव्हरटाइमचा दर कायद्यानं साध्या तासाच्या दुप्पट आहे.

४. पीएफ कसा कापणार? तुमच्या पगारातून १२ टक्के आणि मालकानं स्वतःचे १२ टक्के टाकायचे असतात. 'दोन्ही बाजूचा' पीएफ तुमच्याच पगारातून कापणं बेकायदेशीर आहे. दोन महिन्यांनी उमंग अॅपवर पासबुक उघडून पैसे जमा झाले का ते बघा.

५. कॅन्टीन आणि बसचे पैसे वेगळे कापतात का?

६. सुट्टी कोणत्या वारी? काही एमआयडीसींत सुट्टी रविवारी नसते. लेकरांची शाळा रविवारी बंद आणि तुमची सुट्टी दुसऱ्याच वारी, असं झालं तर गावी जाणं अवघड होतं.

७. जागा नेमकी कुठली? 'रांजणगाव एमआयडीसी' असं सांगितलं तर विचारा, कोणतं रांजणगाव? एक पुणे जिल्ह्यातलं, गणपतीचं. दुसरं वाळूजजवळचं रांजणगाव शेणपुंजी. नाव एक, अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त.

आणि एक नियम पक्का ठेवा. 'नोंदणी फी', 'गेट पासचे पैसे', 'युनिफॉर्मचं डिपॉझिट' म्हणून कुणी आधी फोन पेवर पैसे मागत असेल तर तो फोन तिथंच ठेवा.

खोली बघताना पाण्याचं आधी विचारा

वाळूजला बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या भागांत कामगारांच्या खोल्या मिळतात. भाडं विचारण्याआधी पाणी विचारा. नळ किती दिवसांनी येतो? टँकरचे, जारचे पैसे कोणाचे? स्वस्त खोली आणि रोजचा जार मिळून महाग पडतं. लाइटचं मीटर स्वतंत्र आहे का, युनिटला किती लावतात, डिपॉझिट किती आणि परत कधी मिळणार, हे लिहून घ्या. भाडेकरार नोंदवून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. एकट्यासाठी पाच किलोचा छोटा सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. चोरून गॅस भरण्याचा धोका घेऊ नका.

गावाकडचे धागे तोडू नका

रेशन : 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे शहरातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. कार्डातली माणसं दोन ठिकाणी असतील तर थोडं गावात, थोडं शहरात असंही उचलता येतं. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो मोफत, म्हणजे चौघांचे वीस किलो. फक्त सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं हवं.

शाळा : घर हलवायचंच असेल तर मे महिन्यात. वर्षाच्या मध्ये नाही, आणि लेकरू दहावीला असेल तर ते वर्ष अजिबात नाही. पहिली ते आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हा कायदा आहे.

शेती : वावर बटईनं किंवा ठोक्यानं द्यायचं तर दोन साक्षीदारांसमोर लिहून द्या, भावकीत असलं तरी. ई-पीक पाहणी कोण करणार ते ठरवा. बापाकडं साधा फोन असेल तर शेजारच्या पोराच्या मोबाइलवरूनही होते. ती राहिली तर अनुदान, हमीभावानं विक्री, सगळीकडं अडतं.

पीएफ : कंपनी बदलली तरी यूएएन नंबर एकच ठेवा. प्रत्येक ब्रेकला पीएफ काढून मोबाइल घेऊ नका. दहा वर्षांची सेवा भरली तर पुढं पेन्शन मिळते.

मोबाइल नंबर : आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर बदलू नका. निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

तीन महिने आधी एकट्यानं काढा

शेवटचं आणि महत्त्वाचं. कोणतंही शहर असो, घर एकदम हलवू नका. आधी एकट्यानं जा. तीन महिने राहा. एका वहीत रोजचा खर्च लिहा, चहा-पुडीसकट. तीन महिन्यांनी घरी सगळ्यांना बसवून वही उघडा. पगार वेळेवर झाला का? पीएफ जमा झाला का? दर महिन्याला खरंच किती उरले? रात्रपाळी अंगाला सोसली का? बायकोनं एकदा येऊन खोली, शाळा, दवाखाना बघितला का? तिचं मत या निर्णयात निम्मं आहे, कारण दिवसभर त्या खोलीत तिला राहायचंय.

वही सांगेल ते ऐका. 'हो' म्हणाली तर मे महिन्यात सामान हलवा. 'थांब' म्हणाली तर एकट्यानंच आणखी सहा महिने काढा. आणि 'नको' म्हणाली तर परत या. परत येण्यात कमीपणा नाही. कर्ज काढून शहरात राहण्यापेक्षा तीन महिन्यांचा अनुभव घेऊन गावात येणं केव्हाही स्वस्त. गावात लोक चार दिवस बोलतील. भाडं मात्र ते भरणार नाहीत.

(ही माहिती उपयोगाची वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा. एखादं पोरगं बॅग भरून बसलेलं असेल.)